लॅन केबल असूनही मॅच तुटायची

वायफाय नाही, राउटरपासून पीसीपर्यंत सरळ लॅन केबल. तरीही ऑनलाइन गेम खेळताना ऐन मॅचमध्ये सगळं गोठायचं आणि मी बाहेर. एरवी नेट ठणठणीत वाटायचं, कारण व्हिडिओ आधीच बफर झालेला असतो. पाच सेकंदांचा खंड कळतही नाही.

आधी गेम पुन्हा इन्स्टॉल केला. एक संध्याकाळ पाण्यात.

मग कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडल्या. एकीत राउटरला, दुसरीत ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर) सतत पिंग लावलं, म्हणजे उत्तर येतंय का ते पाहणारी छोटी हाक, आणि खेळायला बसलो. मॅच तुटली त्याच क्षणी दोन्हीकडे ‘जनरल फेल्युअर’. म्हणजे पीसीतून डेटाचं पॅकेट बाहेरच पडत नव्हतं. नेटवाल्यांना उगाच शिव्या घातल्या होत्या. घोळ घरातच होता.

पीसीच्या नेटवर्क अडॅप्टरचं स्टेटस पाहिलं तर स्पीड १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस. इथे ट्यूब पेटली. गिगाबिटला, म्हणजे १ जीबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. एखादी तार नक्कीच दगा देत होती. टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरलो. कनेक्टरची प्लास्टिकची जीभ तुटलेली, आणि खुर्चीचं चाक फिरून फिरून केबल एका जागी चपटी झालेली. नुसता पाय लागला तरी पोर्टवरचा दिवा विझायचा!

नवी कॅट-६ केबल आणली, या वेळी भिंतीच्या कडेने नेली. स्पीड लगेच १ जीबीपीएस. शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘एनर्जी एफिशिअंट इथरनेट’ हे वीज वाचवणारं सेटिंग बंद केलं. त्याची गरज होती का, देव जाणे. तीन आठवडे झाले, पिंग एकदाही तुटलेलं नाही.