ज्येष्ठांचा पिकलबॉल: या चुका टाळा

सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावर सकाळी साठीच्या पुढची मंडळी पिकलबॉल खेळताना दिसू लागली आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. कोर्ट ४४ बाय २० फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच. सर्व्ह खालून करायची, चेंडू हलका, भोकांचा, आणि तो मारायला पॅडल, म्हणजे छोटी चपटी बॅट. १९६५ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर घरातल्या सगळ्यांना मिळून खेळता यावं म्हणून हा खेळ जुळवला गेला, आणि त्याचा तो स्वभाव अजून टिकून आहे. तरीही नवे गट थोड्याच महिन्यांत विस्कटतात, नाहीतर कुणीतरी मनगटाला प्लास्टर घालून घरी बसतं. कारणं दरवेळी तीच. आज आलेला माणूस पुढच्या आठवड्यात परत येतो का, एवढंच या वयाच्या खेळात बघायचं असतं. पुढच्या सगळ्या चुका त्याच्या आड येणाऱ्या आहेत.

उलट्या पावली धावणं

सगळ्यात घातक चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

काका नेटजवळ उभे असतात. समोरून डोक्यावरून उंच चेंडू येतो. नजर चेंडूवर खिळते, मान मागे जाते आणि पाय आपोआप उलटे पडायला लागतात. दोन पावलं ठीक जातात. तिसऱ्या पावलाला शरीराचं वजन टाचांच्या मागे गेलेलं असतं. पंचविशीतला मुलगा तिथे झटकन एक पाय मागे टाकून सावरतो, सत्तरीत तो पाय वेळेवर पडत नाही. माणूस मागे कोसळतो, सवयीने हात टेकवतो आणि मनगट मोडतं. हात टेकवला नाही तर खुबा किंवा डोक्याची मागची बाजू आपटते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्याचं डोकं आपटलं, तर ‘मला काही झालं नाही’ हे ऐकून घ्यायचं नाही. त्याच दिवशी, लगेच, दवाखान्यात न्यायचं.

उपाय सोपा आहे, पण अंगवळणी पाडावा लागतो. चेंडू उंच दिसला की पॅडलच्या हाताकडचा पाय बाहेर वळवायचा, कंबर फिरवायची, पाठ नेटकडे करायची आणि सरळ पुढे धावायचं. खांद्यावरून चेंडूकडे बघायचं. हे चेंडूशिवाय, प्रत्येक बाजूला दहा वेळा, खेळायच्या आधी रोज करून घ्या. नव्या खेळाडूंना याचा कंटाळा येतो, त्यांना लगेच पॅडल हातात हवं असतं. देऊ नका. हे वळण येईपर्यंत गेम नाही, असा नियमच असू द्या.

त्याहून सोपा उपाय म्हणजे गटात लॉब, म्हणजे समोरच्याच्या डोक्यावरून उंच फटका, मारायचाच नाही असं ठरवून टाकणं. डोक्यावरून गेलेला चेंडू ‘सोडा!’ म्हणून सोडून द्यायचा. त्यातून खेळाचं काहीही बिघडत नाही.

लॉब वाढण्यामागे बऱ्याचदा नेटच असतं. बॅडमिंटनचं नेट अंदाजाने खाली ओढून बांधतात आणि ते छातीशी राहतं, मग प्रत्येक फटका उंच मारावा लागतो. टेप घेऊन मोजा: कडेला ३६ इंच, मधोमध ३४ इंच. खांबाला त्या उंचीवर हूक नसतो, तिथे खूण करून दोरी पक्की बांधा. नेटपासून सात फुटांचा पट्टा म्हणजे ‘किचन’, तिथे उभं राहून चेंडू हवेतून मारता येत नाही. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन साडेसहा फुटांवर असते, तेव्हा तिच्यामागे सहा इंचांवर खडूने नवी रेघ आखा. चिकटपट्टी लावू नका. तिच्या कडा सुटतात आणि बुटाचं टोक अडकतं.

स्पर्धेचा उत्साह

दुसरी लाडकी चूक. याचा क्रम ठरलेला असतो. गट छान जमतो, बारा-चौदा माणसं येऊ लागतात. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की एक मे रोजी स्पर्धा घेऊ, कप ठेवू. जोड्या पक्क्या होतात. चांगलं खेळणारे आपसात सराव करू लागतात. ज्यांचा हात अजून बसलेला नाही अशा काकू बाकावर बसून राहतात, मग एक दिवस ‘गुडघा दुखतोय’ म्हणून येत नाहीत. दुखणं खरं असेलही, पण निम्म्या वेळा ‘माझ्यामुळे जोडीदार हरतो’ हे मनाला लागलेलं असतं. कप वाटून होतो आणि जूनमध्ये कोर्टावर सहा जण उरतात, सगळे पुरुष, सगळे पूर्वी कुठलातरी खेळ खेळलेले.

गुण मोजायचेच असतील तर त्या गेमपुरते मोजा, कुठेही लिहून ठेवू नका. गेम अकरा गुणांपर्यंत न नेता घड्याळ लावा: दहा मिनिटं झाली की चौघंही बाहेर, पुढचे चार आत. जोड्या रोज बदला. पॅडल्स एका टोपलीत टाकायची आणि न बघता उचलायची, ही पद्धत सगळ्यात बरी, कारण त्यात कुणाला कुणी नको म्हणत नाही. ज्यांना हालचाल कठीण जाते त्यांना चेंडूचे एकाऐवजी दोन टप्पे द्या. व्हीलचेअरवरच्या खेळाडूंना अधिकृत नियमांतच दोन टप्पे आहेत, त्यामुळे यात काही कमीपणा नाही.

बाहेरून शिकवणं बंद. खेळ चालू असताना ‘अहो, मनगट सरळ ठेवा’ असं ओरडणारा एक तरी असतोच. त्याला चेंडू गोळा करायचं काम द्या.

पहिल्याच दिवशी दोन तास

मजा येते म्हणून होतं. दुसऱ्या दिवशी पोटरी धरते, तिसऱ्या दिवशी टाचेच्या वरची शीर. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, ३० ते ४० मिनिटं, विश्रांती धरून. आधी दहा मिनिटं जागच्या जागी चालणं, घोटे फिरवणं, भिंत धरून टाचा उचलणं, बाजूला पावलं टाकणं. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सांगते. ते हळूहळू गाठायचं असतं, एका शनिवारी नाही. खेळताना बोलता आलं पाहिजे. धापेमुळे वाक्य तुटत असेल तर बसा.

बाकीच्या

चालायचे बूट चालत नाहीत. जाड, मऊ तळव्यावर बाजूला झुकताना घोटा मुरगळतो. बॅडमिंटनचे सपाट, पकड असलेले बूट घ्या.

प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून (दूरचा-जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या) खाली बघताना जमीन आणि पायाजवळचा चेंडू धूसर दिसतात. खेळायला दूरच्या नंबरचा वेगळा साधा चष्मा, काचा पॉलिकार्बोनेटच्या.

पॅडल २१० ते २४० ग्रॅमचं. लाकडी स्वस्त मिळतं, पण जड असतं आणि कोपर धरतं. मुलांनी वाढदिवसाला महागडं पॅडल आणून ‘बाबा, आता जा बरं खेळायला’ म्हणायची घाई करू नये. गटाची चार पॅडल्स पुरतात. बाबांना शेजारच्या काकांनी हाक मारलेली जास्त उपयोगी पडते.

बाहेरचा चेंडू कोर्टात घरंगळत आला की सगळ्यांनी ‘बॉल!’ ओरडून थांबायचं, मग गुण कुणाचाही असो.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी येऊ नये. हात थरथरले, घाम सुटला तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर ‘पित्त असेल’ म्हणत बसायचं नाही, १०८ लावायचा.

वेळ फक्त सकाळी सहाची ठेवली की घरातली कामं उरकणाऱ्या बायका येऊच शकत नाहीत. एक तुकडी संध्याकाळी पाचची ठेवा.

खेळानंतरचा चहा वेळापत्रकात धरा, वीस मिनिटं. बरेच जण त्यासाठीच येतात आणि त्यात काही गैर नाही. सलग दोनदा न आलेल्याला ग्रुपवर मेसेज नको, फोन करा.

पावसाळ्यात ओल्या फरशीवर, विशेषतः शेवाळ धरलेल्या कोपऱ्यांत, पुसून घेऊनही खेळू नका. पण गट बंदही ठेवू नका. त्याच वेळेला क्लबहाउसमध्ये जमायचं, टाचा उचलायच्या, पाठ वळवायचा सराव करायचा आणि मग कॅरम मांडायचा.