दोन किट्सची एक जीप

१९६५ च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळ भारतीय जवान अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले. तशा जीपचं मॉडेल १/३५ मापात (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं) करायचं होतं. तयार किट हाती लागलं नाही, म्हणून विलीज जीपचं प्लास्टिक किट आणि १०६ मिमी रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेचं रेझिन किट (साच्यात ओतलेल्या राळेचे सुटे भाग) यांची खिचडी केली.

आधी मापं तपासली. खरी तोफ साधारण ३.४ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ९७ मिमी. जीप जेमतेम ९५. तोफ गाडीपेक्षा लांब! मला वाटलं माझंच गणित चुकलं.

तोफेचा स्टँड मॉडेल सिमेंटने चिकटवला आणि दोन दिवसांनी तो अलगद हातात आला. हे सिमेंट प्लास्टिक विरघळवून सांधतं, रेझिनवर त्याचा काही उपयोग नाही. मग रेझिन भांड्यांच्या साबणाने धुतलं (साच्याचं तेलकट आवरण राहतं), दोन्हीकडे बारीक भोक पाडून पेपरक्लिपची तार घातली आणि सुपरग्लू लावला. आता उलटी धरली तरी हलत नाही.

नळी किंचित वाकली होती; गरम पाण्यात बुडवून सरळ केली, लगेच गार पाण्यात टाकली.

खरी फजिती पुढेच. रेझिनच्या वजनाने पुढची चाकं हवेत! बॉनेट तर आधीच चिकटवलेलं. शेवटी खालून भोक पाडून मासेमारीच्या गळाचे शिशाचे तुकडे आत कोंबले, तेव्हा कुठे चारही चाकं टेकली.