वॉशरच्या पाण्याचा दिवा विझत नाही? सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

टाकी गळ्यापर्यंत भरली आहे, काचेवर फवारा नीट उडतोय, तरी डॅशबोर्डवर काच आणि फवाऱ्याच्या चिन्हाचा दिवा पेटलेलाच. अशा वेळी लोक सरळ टाकीतल्या पाण्याची पातळी ओळखणारा नवा सेन्सर मागवतात. पहिली चूक तीच. दोष टाकीत असेल, सेन्सरमध्ये असेल किंवा वायरमध्ये. कुठे आहे हे आधी ठरवा, मगच काही विकत घ्या.

त्याहीआधी थोडा धीर धरा. वळणावर पाणी हिंदकळलं की दिवा लुकलुकू नये, म्हणून बऱ्याच गाड्यांमध्ये सेन्सरचा इशारा मुद्दाम उशिरा वाचला जातो. पाणी भरताक्षणी दिवा गेला नाही तर इग्निशन बंद करा, पुन्हा चालू करा आणि गाडी थोडी चालवून बघा. भरलेलं पाणी रात्रीतून उतरत असेल, तर दिवा खरं बोलतोय. टाकीला तडा गेला असेल किंवा पंपाच्या रबरी बुचातून गळत असेल. गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवा, सकाळी ओला डाग कुठे पडलाय ते दिसेल.

सेन्सर न तपासता बाद ठरवणं

अनेक गाड्यांमधला सेन्सर साधा असतो: एक तरंगा, त्यात बारीकसं चुंबक आणि दांड्यात काचेच्या नळीतला रीड स्विच, म्हणजे चुंबकाने चालणारा स्विच. तरंगा वर गेला की स्विचची स्थिती बदलते, खाली आला की पुन्हा बदलते. काही गाड्यांत पाणी कमी झाल्यावर स्विच जोडला जातो, काहींत तुटतो. म्हणून ‘कनेक्टरच्या दोन वायरी जोडा, दिवा गेला तर सेन्सर खराब’ हा सल्ला सगळीकडे लागू पडत नाही. काही सेन्सरमध्ये रेझिस्टरही (विजेला रोध करणारा भाग) असतो, आणि तिथे नुसती वायर जोडली की कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा संगणक, वेगळाच दोष नोंदवतं.

त्यापेक्षा मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे विजेचा रोध मोजण्यावर ठेवा. इग्निशन बंद करून सेन्सरचा कनेक्टर काढा आणि टाकी भरलेली असताना सेन्सरच्या दोन पिनांवर आकडा घ्या. मग टाकी रिकामी करून पुन्हा घ्या. आकडा बदलला तर सेन्सर ठीक आहे. कनेक्टर आणि वायर तपासा. पिनांवर हिरवट गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने घासा. आकडा तसाच राहिला तरच सेन्सर बाहेर काढा.

टाकी बहुधा बंपरमागे किंवा चाकावरच्या प्लास्टिक अस्तराआड असते. तिथे पंपाचा कनेक्टरही शेजारीच असतो. भलताच काढू नका. टाकी रिकामी करण्यासाठी पंप कोरडा होईपर्यंत चालवणं ही आणखी एक चूक, कारण आतलं पाणीच त्याला थंड ठेवतं. नळी काढून किंवा वरून सायफनने पाणी उपसा. गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावा.

तरंग्याला दोष देण्याआधी

सेन्सर वायरीला धरून ओढू नका. त्याच्याभोवतीचं रबरी बूच हळूहळू फिरवत सैल करा. हातात आलेला तरंगा बोटाने वरखाली करा: तो गुळगुळीत सरकायला हवा. साध्या पाण्यात किंवा भांडी घासायच्या साबणात बुळबुळीत थर साचतो आणि तरंगा दांड्याला चिकटून बसतो. पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी समप्रमाणात घेऊन त्यात अर्धा तास बुडवा, जुन्या मऊ टूथब्रशने घासा, स्वच्छ धुवा. पेट्रोल, थिनर अजिबात नको.

मग मीटर लावून दांड्याजवळ बाहेरचं छोटं चुंबक फिरवा. आकडा बदलला, पण तरंगा सरकवल्यावर बदलत नसेल, तर दोष तरंग्यात आहे. तरंग्यात पाणी शिरून तो बुडत असेल तरी बोटाने सरकवताना मीटरवर सगळं ठीक दिसेल. म्हणून पाण्याच्या भांड्यात तो तरंगतो का तेही पाहा. चुंबकानेही आकडा हलला नाही, तर स्विच गेलाय. तेव्हा सेन्सर बदलायलाच हवा.

ज्या गाड्यांत तरंग्याऐवजी दोन धातूच्या पिना पाण्यातून वीज वाहते का ते पाहतात, तिथे गोष्ट वेगळी. पिनांवर थर बसला की दिवा लागतो, आणि टाकीत निव्वळ डिस्टिल्ड पाणी असलं तरी लागू शकतो, कारण ते वीज फार कमी वाहतं. तिथे पिना साफ करा आणि योग्य वॉशर द्रव भरा.

परत बसवताना

सेन्सर उलटा किंवा तिरका बसला तर भरलेल्या टाकीवरही दिवा लागेल. काढण्याआधी मार्करने दोन्हीकडे रेघ मारा, किंवा फोटो घ्या. बुचाला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्याने रबर फुगू शकतं. पाण्याचा हात पुरतो. गळू नये म्हणून सिलिकॉन फासण्यापेक्षा नवं बूच घाला. अर्धी टाकी भरून दहा मिनिटं थांबा, बुचाभोवती कोरडा कागद फिरवा. तो ओला झाला नाही, तर पूर्ण भरा आणि अस्तर लावा.