कोण कुणाकडे बघतंय? : बोन मॅरो ट्रान्सप्लांटमधल्या एनके पेशींवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातली मुलं मला विचारतात, "ताई, ट्रान्सप्लांट इम्युनॉलॉजीत यायचंय, सुरुवात कुठून करू?" नेटच्या तयारीत बहुतेकांनी नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशींवर एखादं पान वाचलेलं असतं. पर्फोरिन, ग्रॅन्झाइम ही मारणारी प्रथिनं, पूर्वओळख नसतानाही मारतात, झालं. मीही तेवढ्याच शिदोरीवर पीएचडीला आले होते. हा विषय मला पुस्तकातून कमी आणि चुकांतून जास्त कळला, म्हणून त्या चुकाच सांगते.

पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडे एक तक्ता करायचं काम होतं. एका बाजूला रुग्ण, दुसऱ्या बाजूला त्याचा डोनर, दोघांचं एचएलए (पेशींवरच्या 'आपलं-परकं' ओळखायच्या खुणा) टायपिंग, आणि शेवटच्या रकान्यात 'एनके पेशी रक्ताच्या कर्करोगावर चालून जातील की नाही'. दोन रात्री जागून मी तो पूर्ण केला. मॅडमनी एका ओळीवर पेन्सिल टेकवली आणि एवढंच विचारलं, "इथे कोण कुणाकडे बघतंय?" मला उत्तर देता आलं नाही. जोडी जुळत नाही एवढंच मी पाहिलं होतं. ती कोणत्या दिशेने जुळत नाही, हे पाहिलंच नव्हतं.

ही दिशा नीट समजून घ्या, बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. एनके पेशीच्या अंगावर केआयआर नावाचे रिसेप्टर असतात. समोरच्या पेशीवर आपल्या ओळखीचा एचएलए आहे का, हे ते चाचपतात. सापडला तर पेशी थांबते. सापडला नाही, आणि समोरच्या पेशीवर चिथावणारी दुसरी खूण असेल, तर मारते. स्वीडनच्या क्लास कारे यांनी १९८०च्या दशकात मांडलेली 'मिसिंग सेल्फ'ची कल्पना ती हीच. आता एचएलए-सीचे दोन गट धरा, सी१ आणि सी२. केआयआर२डीएल१ हा सी२ शोधतो. केआयआर२डीएल२ आणि २डीएल३ हे सी१ शोधतात.

डोनरकडे सी१ आणि सी२ दोन्ही आहेत, रुग्णाकडे फक्त सी१. डोनरच्या ज्या एनके पेशींवर केआयआर२डीएल१ आहे, त्या सी२ बघतच वाढलेल्या, तयार झालेल्या असतात. रुग्णाच्या शरीरात त्यांना सी२ कुठेच दिसत नाही. त्या मोकळ्या सुटतात, आणि उरल्यासुरल्या ल्युकेमियाच्या पेशी त्यांच्या तावडीत येऊ शकतात. हीच जोडी उलटी करा. रुग्णाकडे दोन्ही, डोनरकडे फक्त सी१. आता डोनरच्या पेशींना हवं ते सगळं रुग्णात दिसतं, त्यामुळे हा फायदा नाही. उलट रुग्णाच्या शिल्लक एनके पेशींना डोनरचा मॅरो परका वाटू शकतो. माझ्या तक्त्यात या दोन्ही जोड्यांसमोर 'हो' लिहिलेलं होतं.

या विषयाचा इतिहासही दिशेचाच आहे. १९६४मध्ये कुडकोविच आणि स्टिम्पफ्लिंग यांनी दाखवलं की दोन जातींच्या उंदरांच्या संकरातून झालेलं पिल्लू आपल्याच आईचा किंवा बापाचा मॅरो नाकारू शकतं. तेव्हा एनके पेशींना नावसुद्धा नव्हतं, ते १९७५चं. तिथे बघणारा होता घेणारा. इटलीतल्या पेरुज्याच्या गटाने २००२मध्ये दिशा फिरवून पाहिली. अर्धं जुळणाऱ्या डोनरकडून, टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी) काढून टाकून केलेल्या ट्रान्सप्लांटमध्ये, डोनरच्या एनके पेशी रुग्णावर चालून जाऊ शकतील अशा एएमएलच्या (ल्युकेमियाचा एक प्रकार) रुग्णांत आजार परतण्याची पाच वर्षांतली शक्यता ० टक्के निघाली. इतरांत ७५ टक्के. प्रौढांच्या एएलएल या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियात मात्र तो फायदा दिसला नाही. हा निबंध वाचाच, पण पद्धतीचा भाग आधी वाचा. का, ते पुढे येतंच.

ओपीडीत सॅम्पल घ्यायला गेले असताना एका मुलाच्या आईने मला विचारलं, "बहिणीचं सगळं जुळलंय म्हणाले, मग आता काळजी नाही ना?" उपचारांबद्दल उत्तर देणं आपलं काम नाही. तो प्रश्न मी डॉक्टरांकडे नेला, तुम्हीही तेच करा. पण त्या 'सगळं'ने मला रात्रभर झोपू दिलं नाही. एचएलएची जनुकं सहाव्या क्रोमोसोमवर, केआयआरची एकोणिसाव्यावर. दोन्ही वारसे वेगवेगळे येतात. म्हणून एचएलए तंतोतंत जुळलेल्या भावंडांतही केआयआर वेगळे असू शकतात.

आणखी एक खड्डा. ट्रान्सप्लांटनंतर रुग्णाच्या हातातून काढलेलं रक्त डोनरचं असतं. त्यावर टायपिंग केलंत तर डोनरचंच उत्तर मिळेल. गालाच्या आतला स्वॅबही पूर्ण भरवशाचा नाही, कारण लाळेत डोनरच्या पांढऱ्या पेशी उतरतात. रुग्णाचं टायपिंग ट्रान्सप्लांटच्या आधीच्या सॅम्पलवरच झालंय ना, हे स्वतः तारीख बघून खात्री करा.

आता ज्या चुकीची मला आजही हळहळ वाटते ती. डे प्लस २८चं, म्हणजे ट्रान्सप्लांटनंतरच्या अठ्ठाविसाव्या दिवसाचं सॅम्पल, हिरव्या झाकणाची हेपरिनची ट्यूब, जेमतेम चार मिली रक्त. फायकॉल या दाट द्रवावर पेशी वेगळ्या केल्या आणि 'सगळी सॅम्पल्स एकदम लावू' म्हणून फ्रीझ केल्या. पुढच्या महिन्यात वितळवून लगेच के५६२ या कर्करोगाच्या पेशींवर लावल्या. मारण्याचं प्रमाण नगण्य आलं. या रुग्णाच्या एनके पेशी दुबळ्या आहेत, असं मी वहीत लिहून मोकळी झाले. मग एका सिनियरने निरोगी माणसाच्या पेशी त्याच पद्धतीने फ्रीझ करून वितळवायला लावल्या. त्याही ढेपाळल्या होत्या. एनके पेशींना गोठणं फार बाधतं. ताज्या पेशींवरच प्रयोग करा. ते जमत नसेल तर वितळवल्यावर रात्रभर इन्क्युबेटरमध्ये विश्रांती द्या आणि सोबत तसाच गोठवलेला निरोगी कंट्रोल ठेवा. त्या रुग्णाचा अठ्ठाविसावा दिवस मला पुन्हा मिळाला नाही.

के५६२ ही ल्युकेमियाच्या एका रुग्णापासून वाढवलेली पेशींची ओळ. तिच्यावर नेहमीचा एचएलए जवळजवळ नसतोच, म्हणून एनके पेशी तिला मारतात. पण म्हणूनच ती केआयआर जुळण्या-न जुळण्याबद्दल काही सांगत नाही. मारण्याची ताकद आहे का, एवढंच ती सांगते.

फ्लो सायटोमीटरचा (पेशींवरच्या खुणा मोजणारं यंत्र) प्लॉट पाहून पहिल्यांदा मला अँटिबॉडीच बिघडली असं वाटलं होतं. निरोगी रक्तात लिम्फोसाइट्सपैकी साधारण ५ ते १५ टक्के एनके असतात, आणि माझ्या पडद्यावर तर त्यांचीच गर्दी. अँटिबॉडी ठीक होती. ट्रान्सप्लांटनंतर लिम्फोसाइट्समध्ये सर्वांत आधी परततात त्या एनके पेशीच. टी पेशींना महिने लागतात. पण या पहिल्या पेशी कोवळ्या असतात. सीडी५६ ही एनके पेशींची खूण भरपूर, एनकेजी२ए हा थांबवणारा दुसरा रिसेप्टर भरपूर, केआयआर कमी. म्हणजे तक्त्यात ज्या रिसेप्टरवर आपण सगळी भिस्त ठेवली, तोच सुरुवातीला बऱ्याच पेशींवर नसतो.

आणि पेरुज्याची पद्धत आधी वाचा म्हटलं ते यासाठी. आपल्याकडे हॅप्लो, म्हणजे अर्धं जुळणाऱ्या डोनरचं, ट्रान्सप्लांट बहुतेक वेळा टी पेशी काढून होत नाही. ग्राफ्ट, म्हणजे डोनरच्या पेशी, जसाच्या तसा देतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड. औषध स्वस्त, कुठेही देता येण्याजोगं. ते आलं म्हणून कितीतरी घरांना आई, बाप किंवा भाऊ डोनर म्हणून चालू लागला. पण त्या वेळी ग्राफ्टमधून आलेल्या तयार एनके पेशी झपाट्याने वाढत असतात, आणि वाढणाऱ्या पेशींवरच या औषधाचा घाव बसतो. डोनरच्या ज्या पेशी रुग्णाकडे बघणार होत्या, त्यांतल्या पुष्कळ तिथेच संपतात. म्हणून पेरुज्याचे आकडे उचलून इथल्या रुग्णांना लावू नका. मला या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न आज हाच वाटतो: या औषधानंतर नव्याने उगवणाऱ्या एनके पेशी कधी आणि कशा शिकतात? हा प्रश्न इथे, आपल्याच रुग्णांत सोडवता येईल.

यायचं ठरवलंत तर आधी महिनाभर निरोगी रक्तावरच हात बसवा. फायकॉलचा थर न हलवता पेशी उचलणं, सीडी३ (टी पेशींची खूण) नसलेल्या आणि सीडी५६ असलेल्या पेशी फ्लोवर वेगळ्या निवडणारं गेट, के५६२चा चार तासांचा प्रयोग. आणि तक्ता कराल तेव्हा प्रत्येक ओळीत डोनर आणि रुग्ण यांच्यामध्ये एक बाण काढा. माझ्या वहीत तो अजूनही पेन्सिलनेच काढलेला असतो.