परातीत हलणारा डीएनए

पुस्तकातला डीएनए शिडीसारखा सरळ उभा असतो, म्हणून माझ्या बारावीच्या मुलांना तो निपचित वाटतो. खरं तर पाण्याचे रेणू त्याला सतत ढुशा देतात आणि तो अखंड वळवळत असतो. प्रथिन येऊन बसलं की त्या वळवळीचा घेर बदलतो. लालबागच्या आमच्या क्लासमध्ये मी हे परातीत दाखवते.

भुलेश्वरहून चावीच्या किचेनला असते तसली मण्यांची साखळी आणा. वीस सेंटिमीटर पुरे. दोरा नको, तो हवा तसा मुडपतो, साखळी एका मर्यादेपलीकडे वळत नाही. डीएनएही साधारण ५० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १५० बेस-जोड्या (त्या शिडीच्या पायऱ्या), ताठपणा राखून असतो.

कणकेच्या मोठ्या परातीत आलेखाचा कागद चिकटवा. साखळीचं एक टोक मधोमध चिकटपट्टीने पक्कं करा, दुसऱ्याला नेलपॉलिशचा ठिपका लावा. मोकळं टोक काठाला आपटत असेल तर साखळी लांब झाली, कापा. आता परात दहा सेकंद आडवी हलवा, थांबा, ठिपका असेल तिथे निळी खूण करा. असं तीस वेळा. मुलं पाचावर कंटाळतात, पण इथेच नेट धरायचा: एका खुणेला काही अर्थ नाही, अर्थ खुणांच्या पसाऱ्यात आहे.

मग साखळीच्या मध्यावर तांब्याच्या तारेने जवळजवळ उलटं वळण बांधा. जिवाणूंमधलं आयएचएफ हे प्रथिन डीएनएला सुमारे १६० अंश वाकवतं, ते हेच. लाल पेनाने पुन्हा तीस खुणा.

पुढे तार सोडून साखळीवरच्या दोन दूरच्या जागा एकत्र बांधा. लॅक रिप्रेसर हे प्रथिन असंच दोन जागा धरून फास करतं, ई. कोलाय या जिवाणूमध्ये त्यातल्या दोन जागांत अंतर अवघं ९२ बेस-जोड्यांचं, म्हणजे ताठपणाच्या लांबीहूनही कमी. मला हे दरवेळी थक्क करतं.

शेवटी फास सोडून शहाळ्याबरोबरची कागदी नळी साखळीवर चढवा. हे रेकए प्रथिन. ते डीएनए ताठ करतं, शिवाय दीडपट लांबवतं. लांबवणं मात्र नळीला जमत नाही, हे मुलांना सांगून टाका. हिरव्या खुणा बाहेर पसरतील.

प्रयोगशाळेतही हीच रीत: काचेला एक टोक, दुसऱ्याला सूक्ष्म मणी, आणि मण्याची भटकंती सूक्ष्मदर्शकाखाली. १९९१ साली आरएनए पॉलिमरेजचं, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या प्रथिनाचं, काम असंच पाहिलं गेलं. प्रथिन दिसत नाही, मण्याचा घेर दिसतो. म्हणून तिन्ही रंग एकाच कागदावर ठेवा, आणि मुलांना आधी न सांगता विचारा: लाल खुणा निळ्यांच्या आत का?