पॅनलमधली हवा तांबं खातेय का? क्वार्ट्झ क्रिस्टल लावून बघा

मी नाशिकच्या अंबडला कंट्रोल पॅनल दुरुस्त करतो. निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षांच्या शीतगृहांमधून येणारी बरीच कार्डं (पॅनलमधले सर्किट बोर्ड) जळालेली नसतात, काळवंडलेली असतात. द्राक्षांना बुरशी लागू नये म्हणून पेट्यांमध्ये ठेवलेले पॅड सल्फर डायऑक्साइड सोडतात, त्यात दमट हवा. तांब्याला आणखी काय हवं? तांब्याची पट्टी महिनाभर टांगून ठेवायचा जुना उपाय खोटा नाही, पण तोवर हंगाम निम्मा सरतो. क्रिस्टल त्याच आठवड्यात बोलू लागतो.

क्वार्ट्झची चकती ठरावीक फ्रिक्वेन्सीने थरथरते. अंगावर वजन चढलं की फ्रिक्वेन्सी उतरते. जर्मन शास्त्रज्ञ साउअरब्राय यांनी 1959 साली हे गणित मांडलं. 5 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर 1 हर्ट्झची घट म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण 17.7 नॅनोग्रॅम, 6 मेगाहर्ट्झला 12.3. आपला क्रिस्टल कोणता, ते आधी वहीत लिहा.

एटी-कटचा (क्वार्ट्झ ठरावीक कोनात कापलेला), सोन्याचे इलेक्ट्रोड असलेला क्रिस्टल घ्या आणि व्हॅक्यूम कोटिंगवाल्याकडून त्यावर 100 ते 200 नॅनोमीटर तांबं चढवून आणा. त्याच्या शब्दावर राहू नका. कोटिंगच्या आधी आणि नंतर फ्रिक्वेन्सी मोजा: 5 मेगाहर्ट्झला दर 100 नॅनोमीटर तांब्यामागे सुमारे 5,000 हर्ट्झ उतरायला हवेत. क्रिस्टल प्लास्टिकच्या चिमट्याने, कडेला धरायचा. बोटाचा घाम लागला की तुम्ही हवेचा नाही, स्वतःच्या मिठाचा गंज मोजत बसाल.

शेजारी नुसत्या सोन्याचा दुसरा क्रिस्टल हवाच. पहाटे दमट हवेत पाण्याचा थर दोघांवरही बसतो, फ्रिक्वेन्सी पडते, दुपारी परत चढते. तो गंज नव्हे. सोन्यातला फरक तांब्याच्या आकड्यातून वजा करा आणि रोज एकाच वेळचं रीडिंग धरा. जे परत येत नाही, ते आपलं. चांदीचा तिसरा लावता आला तर उत्तम: नाल्याच्या हायड्रोजन सल्फाइडने चांदी काळी पडते, सल्फर डायऑक्साइडला मात्र ती फारशी दाद देत नाही. तांबं घसरतंय आणि चांदी जागेवर आहे, तर बोट पॅडकडे दाखवायला हरकत नाही.

जागा पॅनलच्या आत, कार्डांच्या उंचीवर. ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर नको, पंख्याच्या झोतात नको. एटी-कट तापमानाला कमी हलतो, पण तो 25 अंशांच्या आसपास. दहा मिनिटांना एक नोंद पुरे, सोबत तापमान आणि आर्द्रता.

आता खरी मेख. क्रिस्टल गेलेलं तांबं मोजत नाही, येऊन चिकटलेला ऑक्सिजन किंवा गंधक मोजतो. समजा, 5 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल 100 हर्ट्झ घसरला. थर क्युप्रस ऑक्साइडचा (तांबं आणि ऑक्सिजन) असेल तर सुमारे 16 नॅनोमीटर तांबं गेलं. क्युप्रस सल्फाइडचा (तांबं आणि गंधक) असेल तर जेमतेम 8. आकडा तोच, नुकसान दुप्पट! म्हणून थर कशाचा आहे हे प्रयोगशाळेतून तपासून घेतल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला नॅनोमीटर सांगत नाही. फक्त फ्रिक्वेन्सी किती वेगाने उतरते याची तुलना सांगतो: शीतगृहाचं दार बंद असताना किती, लोडिंग चालू असताना किती.

आणि आलेख एकदम सपाट झाला तर हवा सुधारली म्हणून खूश होऊ नका. आधी क्रिस्टल काढून उजेडात धरा. तांब्याची लाली उरलीच नसेल तर खायलाच काही शिल्लक नाही, नवा लावा.