सातवीच्या वर्गात जॅझचं कोलाज: फेव्हिकॉल सगळ्यात शेवटी

मुलांना जॅझ हे अमेरिकन संगीत ऐकवून ‘आता कोलाज करा’, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून चित्र करा, असं म्हटलं, की निम्मा वर्ग सॅक्सोफोनचा फोटो शोधायला लागतो. कागदाच्या मधोमध सॅक्सोफोन, भोवती चार सूरचिन्हं, झालं काम. हे टाळायचं असेल तर दोन गोष्टी पाळा: आधी भरपूर ऐकवा, आणि फेव्हिकॉल कपाटात बंद ठेवा. तुकडे सुटे आहेत तोवरच मुलं ते हलवून बघतात. एकदा चिकटले की विचार थांबतो. मी नाशिकमध्ये सहावी ते आठवीला चित्रकला शिकवते. दोन जोडतासांत हा उपक्रम व्यवस्थित बसतो. शक्यतो डिसेंबर-जानेवारीत घ्या, कारण सुट्या तुकड्यांवर पंखा चालत नाही आणि मार्चमध्ये पंख्याशिवाय वर्गात बसवत नाही.

कागदासाठी फार खर्च नको. जुन्या लग्नपत्रिका, वह्यांची खाकी कव्हरं, रद्दी. आमच्याकडे दिंडोरी-निफाडकडची मुलं असतात. द्राक्षाच्या घडांना उन्हाचा चटका बसू नये म्हणून बागेत पेपर लावतात, त्याचे उरलेले गठ्ठे घरी पडून असतात. तो पिवळा पडलेला कागद कोलाजमध्ये फार सुंदर दिसतो. मात्र घडावरून काढलेला कागद वर्गात आणू देऊ नका, त्यावर फवारणी झालेली असते.

रंगीत कागद मुलांनीच तयार करायचे. आदल्या दिवशी साध्या कागदावर पोस्टर कलरचा एकेक हात, चपट्या ब्रशने, फटकारे दिसतील असा. हे करताना त्यांना आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराबद्दल सांगा. 1941 च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला उभं राहून रंगवणं जड जाऊ लागलं. सहायक कागद रंगवून देत आणि तो कात्रीने थेट रंगातच आकार कापी. 1947 मध्ये त्याचं 20 चित्रांचं पुस्तक निघालं, नाव ‘जॅझ’, आणि आत बरीचशी चित्रं सर्कशीची! हे ऐकल्यावर सॅक्सोफोनचा हट्ट बराच सुटतो.

पहिल्या तासाला टेबलावर कागद नको, फक्त स्पीकर. डेव्ह ब्रुबेक क्वार्टेट या चौघा जॅझवादकांच्या गटाचं 1959 चं ‘टेक फाइव्ह’ लावा. साडेपाच मिनिटांच्या आतलं आहे, तीनदा सहज ऐकवता येतं. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा टाळ्या: एक-दोन-तीन, एक-दोन. वर्गात तबला शिकणारं कुणी ना कुणी असतंच, त्याला मोजायला लावा. झपतालात दोन-तीन असा खंड, इथे तीन-दोन, हे तो चटकन पकडतो आणि बाकीच्यांना समजावतो. तिसऱ्यांदा मधल्या ड्रमच्या भागाकडे लक्ष द्यायला सांगा. ड्रमवाला मनाला येईल तसा फिरतो, पण खाली पियानोचा ठेका तस्साच चालू राहतो. आपलं सगळं कोलाज या एका गोष्टीवर उभं करायचं आहे.

आता कात्री. खाकी किंवा काळ्या कागदाच्या पट्ट्या कापायच्या, तीन रुंद, दोन अरुंद, पुन्हा तीन, पुन्हा दोन. पाव साइजच्या कार्डशीटवर त्या आडव्या, उभ्या, तिरप्या कशाही मांडा, पण क्रम मोडायचा नाही. हा ठेका.

त्यावरची सुरावट हाताने फाडायची. फाडण्यातही शिकण्यासारखं खूप आहे, तिथे घाई करू नका. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ जातं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं. रंगवलेला कागद रंगाची बाजू वर ठेवून स्वतःकडे ओढत फाडला, तर दोनपैकी एका तुकड्याला पांढरी कड येते. ही कड कुठे ठेवायची, कुठे लपवायची, हे मुलांनी ठरवायचं. नियम एकच: निवडलेला आकार किमान तीनदा यायला हवा, आणि दरवेळी थोडा बदलून. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेसाठी संकल्पचित्राची तयारी केलेल्या मुलांचा हात आपोआप दोन्ही बाजू सारख्या करू लागतो. त्यांच्याजवळ जरा जास्त वेळ बसा.

दुसऱ्या जोडतासाला रोमेअर बेअर्डन (1911-1988). न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात वाढलेला कृष्णवर्णीय चित्रकार. मासिकांतले चेहरे, हात कापून त्याने आपल्या माणसांचं आयुष्य आणि त्यांचं संगीत कोलाजमध्ये मांडलं. जॅझ अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या, गुलामगिरीतून आलेल्या लोकांच्या वंशजांनी घडवलं, हे मुलांना इथे स्पष्ट सांगा. त्याशिवाय हा तास घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. स्टुअर्ट डेव्हिस या चित्रकाराने बेअर्डनला अर्ल हाइन्स या जॅझवादकाचा पियानो ऐकायला सांगितलं होतं: सुरांपेक्षा सुरांमधल्या जागा ऐकण्यासाठी.

तेच वर्गात करायचं. 1928 चं ‘वेदर बर्ड’ लावा, लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट आणि हाइन्सचा पियानो, दोघंच. मुलांच्या जोड्या करा, जोडीला एक कार्डशीट, ठेका आधीच मांडलेला. एकाने एक तुकडा ठेवायचा, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. बोलायचं नाही, दुसऱ्याचा तुकडा हलवायचा नाही. एका जोडीतला मुलगा म्हणाला, “मॅडम, ही जागा रिकामी दिसतेय, काय लावू?” मी म्हटलं, “काही नको, आधी शेजारचा तुकडा सरकवून बघ.” त्याने आपला पिवळा तुकडा बोटाने जेमतेम पेरभर बाजूला नेला. जोडीदारीण लगेच म्हणाली, “हां, आता तो थांबून वाजवतोय.” एवढं ऐकू आलं की समजावं, वर्गाला जागा दिसू लागली.

ज्यांना माणसं हवीतच, त्यांना विसर्जन मिरवणुकीचे पेपरमधले फोटो द्या. ताशावाल्याचे हात, ढोलाचं टिपरू धरलेली मूठ. बेअर्डनसारखे हात चेहऱ्यापेक्षा मोठे घ्यायला सांगा.

आता फेव्हिकॉल काढा. त्याआधी मांडणीचा मोबाइलवर फोटो आणि तुकड्यांमागे पेन्सिलने आकडे. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून तो कार्डशीटला लावा. पातळ पेपरला लावला तर सुरकुत्या पडतात. वरून कोरा कागद ठेवून मधून कडेकडे तळवा फिरवायचा. मग रात्रभर रजिस्टरांच्या गठ्ठ्याखाली.

मार्क देण्याआधी शीट दुसऱ्या जोडीच्या हातात द्या आणि पट्ट्या बघून टाळ्या वाजवायला सांगा. तीन-दोन बरोबर वाजलं, तर ठेक्याचे पूर्ण मार्क.